पणजीच्या आईचं माहेर शोधताना

जुन्नर-आंबेगावातल्या शेतकरी घरांत पुरुषांच्या सात पिढ्या सांगता येतात. बाई मात्र 'अमक्याची बायको' एवढीच उरते. लग्नात नाव बदललं की माग तुटतो. तरीही वाटा आहेत.

पहिली वाट घरातली. थोरल्या आत्याला, मावशीला विचारा : पणजीच्या आईला माहेरी न्यायला मुराळी कुठून येई, मामाचं गाव कोणतं? गावाचं नाव हाती आलं की निम्मं काम झालं.

दुसरी तहसीलची. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी असतात. त्या अनेकदा मोडी लिपीत असतात आणि मूल बहुधा बापाच्या नावानं सापडतं, म्हणून तिच्या बापाचं आणि भावांचं नाव आधी मिळवा. 1903 च्या कायद्यानं हक्कनोंदणी आली. त्यानंतरच्या फेरफारात विधवा वारस म्हणून तिचं स्वतःचं नाव दिसू शकतं.

तिसरी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची. त्यांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. सासरची वही पाहाच, माहेरचीही मागा.

जुनं आंबेगाव डिंभे धरणात बुडालं. घरं गेली, पण नावं कागदात आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. ती आजच लिहून घ्या.