मिठाने पोखरलेलं पातं

मुंबईच्या नौदल गोदीत १९५३ साली रसायनं आणि धातू तपासणारी एक प्रयोगशाळा सुरू झाली. आज ती अंबरनाथला, शिळ-बदलापूर रस्त्यावर आहे : डीआरडीओची नेव्हल मटेरिअल्स रिसर्च लॅबोरेटरी. तिने पाणबुडीसाठी घडवलेल्या फ्युएल सेल यंत्रणेची मार्च २०२१ मध्ये जमिनीवर यशस्वी चाचणी झाली, तेव्हा तिचं नाव बातम्यांत आलं. मला तिचं जुनं काम अधिक मोलाचं वाटतं. खाऱ्या पाण्यात आणि हवेत धातू कसा खंगतो, कोणता रंग, कोणता लेप त्याला वाचवतो, याचा तो शोध आहे.

या शास्त्राची गरज हेलिकॉप्टरच्या शेपटीपाशी सर्वांत तीव्रतेने जाणवते. कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावरून नौदलाची हेलिकॉप्टरं उडतात, जुहूहून पवनहंसची हेलिकॉप्टरं समुद्रातल्या मुंबई हायच्या तेल-फलाटांकडे जातात. दोन्हीकडे वारा खाराच. मुख्य पंख्याच्या उलट्या रेट्याने यंत्र स्वतःभोवती गरगरू नये, म्हणून शेपटीचा छोटा पंखा असतो. हलक्या हेलिकॉप्टरांत तो मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेतो, म्हणजे तासाला लाखाच्या वर. प्रत्येक फेऱ्यात पात्यावरचा ताण वरखाली होतो.

अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. वाळू आणि पाऊस पात्याच्या पुढच्या कडेवरचा रंग खरवडतात. मग मिठातलं क्लोराइड तो थर एखाद्या ठिकाणी फोडतं आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो. स्टीलची पट्टी किंवा बोल्ट अॅल्युमिनियमला टेकतो तिथे ओलं मीठ साचलं, तर विद्युत-रासायनिक झीज आणखी वेगाने होते. बाहेर दिसते ती जराशी पांढरी भुकटी आणि फुगलेला रंग. पण ताण त्या खड्ड्याच्या तळाशी एकवटतो आणि तिथून तडा सुरू होतो.

म्हणून समुद्रावरून परतलेलं यंत्र गोड्या पाण्याने धुतात. तंत्रज्ञ भिंगाने कडा पाहतो, बोट फिरवतो, चिकटवलेले थर सुटलेत का ते ठोकून ऐकतो. शंका आली की तड्यात झिरपणाऱ्या रंगाने (डाय पेनिट्रंट) किंवा धातूत फिरवलेल्या विद्युतप्रवाहाने (एडी करंट) तडा शोधतात. खड्डा उथळ असेल आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी असेल, तरच तो घासून गुळगुळीत करतात. मग संरक्षक लेप, प्रायमर, रंग. मर्यादा ओलांडली की पातं बाद; तिथे डोळेझाक चालत नाही. नवं पातं बसवताना बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळतात, कंपनं मोजून बॅलन्सिंग करतात. एका पात्यावर रंग जास्त बसला तरी तोल बिघडू शकतो. शेवटी क्रमांकासह लॉगबुकात नोंद आणि सही.

ही सही करणाऱ्याला नागरी विमानसेवेत डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, परवाना लागतो. पण झीज ओळखणारी नजर त्याआधीच घडवता येते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कारखान्यांत धातूकामात हात बसलेली हजारो मुलं आहेत. धातूची झीज ओळखणं आणि रोखणं हा विषय इथल्या आयटीआयमध्ये स्वतंत्रपणे शिकवायला हवा, आणि प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी वर्गात यायला हवं.