बेसबॉलचे सालगडी

2008 साली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू एका टीव्ही स्पर्धेतून थेट अमेरिकेला पोहोचले. त्याआधी दोघांनी बेसबॉल हातातही धरला नव्हता. स्पर्धेचं नाव ‘मिलियन डॉलर आर्म’. रिंकूला बक्षिसाचे 1 लाख डॉलर मिळाले आणि वर्ष सरायच्या आत पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने दोघांनाही करारबद्ध केलं. डिस्नेने 2014 मध्ये या गोष्टीवर सिनेमा काढला, संगीत ए. आर. रहमानचं. करार झाला की सिनेमा संपतो. पगाराचा विषय त्यात येत नाही, आणि ते साहजिकच आहे. त्या काळी खालच्या पातळीवरच्या मायनर लीगमधल्या नवख्याला महिन्याला सुमारे 1,100 डॉलर मिळत, तेही हंगामापुरते.

सर्वोच्च पातळीवरच्या मेजर लीगमध्ये 30 संघ आहेत. प्रत्येकाच्या खाली मायनर लीगची शिडी असते: सर्वांत खाली रूकी, मग सिंगल-ए, डबल-ए आणि शेवटी ट्रिपल-ए. आपल्याकडे आयपीएलच्या लिलावात नाव पुकारलं की पोरगा त्याच हंगामात कोहलीसमोर उभा राहू शकतो. बेसबॉलमध्ये मात्र बहुतेकांची वर्षं बसच्या रात्रभराच्या प्रवासात जातात आणि पुष्कळांची शिडी मध्येच संपते.

मराठीत खेळतो तोही गडी आणि राबतो तोही गडी. मायनर लीगच्या खेळाडूला दोन्ही अर्थ लागू पडतात. पण सालगड्याला निदान पाडव्याला मालक बदलता येतो. हा गडी परवापरवापर्यंत सात हंगाम एकाच संघाला बांधलेला असे. सालगड्याला पगार बारा महिन्यांचा, याला तेव्हा फक्त सामने असतील तेवढ्या महिन्यांचा मिळे. वसंतातलं सराव शिबिर बिनपगारी असे. एका खोलीत चौघं-पाचजण जमिनीवर गाद्या टाकून झोपत आणि हिवाळ्यात मिळेल ते काम करत. 2022 मध्ये सिंगल-एचा वर्षाचा पगार 11,000 डॉलर होता. त्या वर्षी एकट्या माणसासाठी अमेरिकी सरकारची दारिद्र्यरेषा 13,590 डॉलर होती.

कायद्याच्या देशात हे चाललं कसं? बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही, असा निवाडा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने 1922 मध्ये दिला. त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदे या एका खेळाच्या कुंपणाबाहेरच राहिले. पुढे 2014 मध्ये गॅरेट ब्रोशुइस या वकिलाने खेळाडूंच्या वतीने किमान वेतनाचा दावा ठोकला. हा गृहस्थ स्वतः मायनर लीगमध्ये पिचर होता. बसमधली ती वर्षं त्याने वाया घालवली नाहीत म्हणायची. दावा चालू असतानाच 2018 मध्ये अमेरिकी काँग्रेसने 2,232 पानांचं खर्चाचं विधेयक मंजूर केलं. त्याच्या पोटात ‘अमेरिकेचा आवडता खेळ वाचवा’ अशा थाटाच्या नावाचा एक छोटा कायदा दडलेला होता. खेळाडू आठवड्याला कितीही तास राबला तरी चाळीस तासांचं किमान वेतन दिलं की मालक मोकळा, हा त्याचा मथितार्थ. खेळ कुणापासून वाचवायचा होता, ते विचारू नये.

अखेर 2022 मध्ये 18.5 कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी हे खेळाडू संघटनेत आले आणि 2023 पासून आकडे बदलले: रूकीला वर्षाला 19,800 डॉलर, डबल-एला 30,250, ट्रिपल-एला 35,800. राहण्याची सोय त्याआधीच क्लबकडे आली होती. 35,800 डॉलरचे रुपये केले तर 30 लाखांच्या घरात जातात आणि आपले डोळे विस्फारतात. पण हा माणूस डॉलरमध्ये कमावतो तसा खर्चही डॉलरमध्येच करतो.

पगारापेक्षा मोठी तफावत बोनसमध्ये आहे. 2025 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांमध्ये, पहिला निवडलेला एलाय विलिट्स सतरा वर्षांचा होता. वॉशिंग्टन नॅशनल्सने त्याला सहीपोटी 82 लाख डॉलर दिले. कॉलेज संपवून आलेला, खालच्या फेरीत निवडलेला मुलगा काही हजारांत सही करतो. गुणांचा फरक असतोच, पण शाळकरी पोरगा ‘नको, मी कॉलेजला जातो’ म्हणू शकतो आणि कॉलेज संपलेल्याला तीही धमकी देता येत नाही. एकाच बाकावर बसणाऱ्या, तेवढाच पगार घेणाऱ्या दोघांपैकी एक लक्षाधीश असतो आणि दुसरा जेवणाचे पैसे मोजत असतो.

मग एखाद्या दिवशी ट्रिपल-एचा प्रशिक्षक खोलीत बोलावतो आणि सांगतो, बॅग भर, वर जायचंय. मेजर लीगचा किमान पगार 2025 मध्ये 7,60,000 डॉलर होता, हंगामाच्या दर दिवसाला चार हजारांहून थोडा जास्त. ट्रिपल-एचा वर्षाचा पगार तो साधारण नऊ दिवसांत कमावतो.

पण वर गेलेला गडीसुद्धा मोकळा नसतो. पहिली तीन वर्षं बहुतेकांचा पगार जवळपास क्लब ठरवेल तो. नंतरची तीन वर्षं लवादाकडे दाद मागता येते. सहा वर्षं भरली की तो बाजारात उभा राहू शकतो. या हिशेबात वर्ष म्हणजे मेजर लीगमधले 172 दिवस. 2015 मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला सराव सामन्यांत नऊ होमरन मारूनही खाली ठेवलं आणि हंगाम सुरू झाल्यावर, एप्रिलच्या मध्यावर बोलावलं. त्याचे दिवस भरले 171. तो त्या वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि त्या एका दिवसापायी त्याची मोकळीक वर्षभर पुढे गेली. त्याची तक्रार 2020 मध्ये फेटाळली गेली. लीग आणि खेळाडू संघटनेच्या 2022 च्या करारात मात्र सर्वोत्तम नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष मोजून द्यायचं ठरलं.

इतकी वर्षं हातात पैसा नसतो तेव्हा उचल देणारे भेटतातच. ऊसतोडीच्या मुकादमासारखे तिथे सुटाबुटातले गुंतवणूकदार आहेत. आज रोख घे, मेजर लीगला पोहोचलास तर कमाईतला हिस्सा दे. खेळाडू पोहोचलाच नाही तर पैसे बुडीत, हे त्यांच्या बाजूनेही सांगायला हवं. फर्नांडो टाटिस ज्युनियर मायनर लीगमध्ये होता, विशीही ओलांडली नव्हती, तेव्हा त्याने अशी उचल घेतली. 2021 मध्ये सॅन डिएगो पाड्रेसने त्याच्याशी 14 वर्षांचा, 34 कोटी डॉलरचा करार केला. उचलीच्या कागदावर दहा टक्के लिहिले होते, असं सांगतात. ती सही रद्द व्हावी म्हणून टाटिस 2025 मध्ये कोर्टात गेला.