परवलीचा शब्द आणि मुका कळफलक

घरचे हिशेब, वंशावळ, जुनी छायाचित्रे संगणकात सांकेतिक कुलपाआड ठेवलेली. आणि यंत्र सुरू करताना नेमका परवलीचा शब्दच नाकारला जातो! घरधन्याच्या तोंडचे पाणी पळते. दोष पुष्कळदा स्मरणाचा नसून कळफलकाचा असतो, असे आम्हांस वाटते. त्या वेळी मुख्य प्रणाली कुलपाआडच असते. बाहेर जागा असलेल्या चिमुकल्या भागास बहुधा अमेरिकी कळफलकच ठाऊक. देवनागरी परवली तेथे उमटत नाही. ब्लूटूथचा कळफलकही बहुधा मुकाच. तारेचा जोडून पाहावा. परवलीत आकडे असल्यास नमलॉक तपासावे. लिनक्सच्या लक्स कुलपास, अगदी जुन्या पद्धतीतही, 8 किल्ल्या चालतात. तेव्हा यंत्र उघडे असतानाच साध्या रोमन अक्षरांची दुसरी किल्ली करून ठेवावी, असे आम्ही सुचवितो.