आधी कागद, मग साचा

भरतीच्या मैदानावर पोरांना दोन गोष्टींची धास्ती असते. एक धावण्याच्या वेळेची, दुसरी तळव्यांची. डॉक्टर उभं करतात, मागून टाचा बघतात, पावलाच्या आतल्या बाजूला कमान आहे का ते तपासतात. पाऊल सपाट असेल, तर छाती कितीही फुगली तरी उपयोग नसतो. माझे काका १९व्या वर्षी या तपासणीतून पार पडले आणि मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढून हवालदार म्हणून साताऱ्याकडच्या आमच्या गावी परत आले. त्यानंतर त्यांच्या तळव्यांकडे कुणी पाहिलंच नाही.

पन्नाशी उलटल्यावर दुखणं सुरू झालं. "खाटेवरनं पाय खाली टाकला की टाचेत खिळा घुसल्यागत होतंय," ते सांगायचे, "दहा-वीस पावलं टाकली की मग जरा हलकं." शेवटी शहरातल्या एका दुकानात त्यांनी पायांची मापं दिली. यंत्रावर पावलांचं रंगीत चित्र उमटलं, आठवड्याने सोल हातात आले आणि दुकानदार म्हणाला, "बिल जपून ठेवा, मिलिटरीवाल्यांना पैसे परत मिळतात." काकांनी बिल जपून ठेवलं. पैसे मिळाले नाहीत. रेफरल नव्हता, तज्ज्ञाचा सल्ला नव्हता, आजाराचं नाव कुठेही लिहिलेलं नव्हतं. होती ती फक्त एका दुकानाची पावती. नकार देणारा कारकून चुकीचा नव्हता, काकांचं दुखणंही खोटं नव्हतं. क्रम तेवढा उलटा झाला होता.

तो क्रम सुलटा कसा लावायचा, हे मी काकांबरोबर हिंडून शिकलो.

आधी वस्तू समजून घेऊ. डॉक्टर तिला फूट ऑर्थोटिक म्हणतात, आपण सोल म्हणतो किंवा बुटातला आधार. पावलात २६ हाडं असतात आणि ती कमानीत रचलेली असतात. टाचेपासून बोटांच्या बुंध्यापर्यंत एक जाड, चिवट पट्टा ताणलेला असतो. धनुष्याला जशी दोरी, तसा कमानीला हा पट्टा. परेड मैदानावर टाच आपटून केलेला 'थम', पाठीवर पिट्टू, हातात रायफल आणि बीपीईटी या फौजी क्षमता-चाचणीची ५ किलोमीटरची दौड, पायात जाड तळाचे डीएमएस बूट; या सगळ्याचा ताण त्या पट्ट्यावर आणि घोट्यामागून येणाऱ्या शिरेवर वर्षानुवर्षं साठत जातो. रात्रभर आखडलेला पट्टा सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून तेव्हाच कळ येते. आणि घोट्याच्या आतल्या बाजूची शीर सैल पडली, तर भरतीच्या वेळी चांगली असलेली कमानही हळूहळू बसते. काकांच्या डाव्या बुटाची टाच आतल्या बाजूने झिजली होती. ती खूण घरात सगळ्यांना दिसत होती, पण तिचा अर्थ कुणाला लागला नव्हता.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो, कारण दुकानात ती कुणी सांगत नाही. साध्या टाचदुखीला मापाचा सोल लागतोच असं नाही. पोटरी ताणण्याचे व्यायाम, टाचेला नीट धरणारा बूट आणि तयार मिळणारा चांगला सोल यांनी बहुतेकांना आराम पडतो. तयार आणि मापाचे सोल शेजारी ठेवून केलेल्या चाचण्यांतही टाचदुखीवर दोन्हींचा गुण जवळपास सारखाच आला आहे. मापाचा सोल हवा तो वेगळ्या पायांना. ज्यांची कमान बसली आहे, ज्यांचं जुनं फ्रॅक्चर वाकडं जुळलं आहे, ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आहे, मधुमेहाने ज्यांच्या तळव्याची जाणीव गेली आहे. आणि ज्यांची बोटं उंच बर्फात हिमदंशाने गेली, त्यांना. बोटांची जागा भरणारा तुकडा बुटात नसेल, तर बूट तिथे दुमडतो आणि उरलेल्या पावलाला जखमा होतात. अशा पायांसाठी ही चैन नाही, हा उपचार आहे. योजनेच्या कागदावर हेच सिद्ध करायचं असतं.

ती योजना म्हणजे ईसीएचएस, माजी सैनिकांची अंशदायी आरोग्ययोजना. १ एप्रिल २००३ला ती सुरू झाली. निवृत्तिवेतन घेणारा माजी सैनिक, त्याची पत्नी आणि नियमात बसणारे अवलंबित तिच्यात येतात, कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी सैनिकपत्नीही येते. एकदाच वर्गणी भरायची. डिसेंबर २०१७च्या आदेशाप्रमाणे हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० आणि अधिकाऱ्यांना १,२०,०००. १ जानेवारी १९९६च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना वर्गणी नाही. देशभरात चारशेहून जास्त पॉलिक्लिनिक आहेत, आपल्याकडे साताऱ्याला आहे, कोल्हापूरला आहे. दर केंद्र सरकारच्या सीजीएचएस योजनेच्या दरपत्रकाप्रमाणे चालतात. ज्यांना निवृत्तिवेतन नाही त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. केंद्रीय सैनिक बोर्डाची वैद्यकीय मदत तिथून मागता येते.

आता रस्ता. सुरुवात पॉलिक्लिनिकपासूनच. कार्ड घेऊन जायचं आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला नुसतं "पाय दुखतात" म्हणायचं नाही. कुठे, कधी, किती महिने, कोणत्या हालचालीने, हे घरून एका कागदावर लिहून न्यावं. काका पहिल्यांदा गेले तेव्हा "दुखतंय थोडं" एवढंच म्हणाले होते. फौजी माणसाला दुखणं सांगायची लाज वाटते. मग गोळ्या मिळतात आणि रांग पुढे सरकते. दुसऱ्या वेळी आम्ही झिजलेला बूट पिशवीत घालून नेला आणि टेबलावर उलटा ठेवला. डॉक्टरांनी लगेच काकांना उभं केलं, मागून टाच पाहिली, एका पायावर टाच उचलायला सांगितली. डावी टाच उचलली गेली नाही. त्या दिवशी रेफरल मिळाला.

रेफरल लष्करी रुग्णालयाचा असतो किंवा योजनेच्या यादीवरच्या खासगी रुग्णालयाचा. त्याला मुदत असते, तारीख लगेच वाचून घ्यावी. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा पुनर्वसनतज्ज्ञ तपासतात, उभं राहून एक्स-रे काढतात. झोपून काढलेल्या एक्स-रेत बसलेली कमान दिसत नाही, कारण तिच्यावर वजनच नसतं. मग ते लिहून देतात, आणि सगळं अडतं किंवा सुटतं ते याच चार ओळींवर. "सोल वापरा" एवढं लिहिलं, तर ती बुटाची शिफारस झाली. आजाराचं नाव, कोणता पाय, आधी काय करून पाहिलं आणि त्याने का भागलं नाही, कोणत्या प्रकारचा आधार, एका पायाला की दोन्ही, तो मापाचाच का हवा: एवढं असलं की तो उपचार होतो. डॉक्टरांना हे मागायला संकोच करू नये. काकांनी हात जोडून म्हटलं, "साहेब, तेवढं कारण लिवा." साहेबांनी दोन मिनिटांत लिहिलं.

बूट की उपचार, हा फरक फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या ट्रायकेअर योजनेने कमानीचे आधार आणि बुटातले सोल सर्वसाधारणपणे वगळलेच आहेत. मधुमेह्यांचे खास बूट आणि त्यातले सोल हा ठळक अपवाद. त्याच देशाचं माजी सैनिकांचं खातं मात्र, तिथे नोंद असलेल्या माणसाला गरज वैद्यकीय ठरली की तीच वस्तू देतं. वस्तू एकच, पण एका वहीत ती पादत्राण आहे आणि दुसऱ्या वहीत उपचार.

तज्ज्ञाचा कागद घेऊन पुन्हा पॉलिक्लिनिकमध्ये यायचं. बाहेरच्या तज्ज्ञाने लिहिलेली औषधं जशी तिथूनच मिळतात, तसा उपकरणाचा रस्ताही तिथूनच काढायचा. खर्च करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरं शक्यतो लेखी घ्यावीत. ही वस्तू दरपत्रकात कोणत्या नावाने आहे? तिचा दर किती? ती कुठून घ्यायची? दरपत्रकात नसलेल्या गोष्टीला आधी मंजुरी लागते. नंतर गळ घालून काम होत नाही. दरापेक्षा महाग वस्तू घेतली तर वरचा पैसा आपल्या खिशातून जातो, हेही आधीच कळलेलं बरं. प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवावी, अगदी रेफरलचीसुद्धा.

महाराष्ट्रातल्या माजी सैनिकाला आणखी एक दार जवळ आहे. पुण्यात वानवडीला लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमींसाठी १९४४ साली ते सुरू झालं. नाव कृत्रिम अवयवांचं असलं तरी कॅलिपर आणि पावलांचे आधारही तिथे बनतात. तिथे रेफरल मिळण्यासारखा आहे का, हे आपल्या पॉलिक्लिनिकमध्ये जरूर विचारावं. दुसरीकडे कुठे जावं लागलंच, तर माप घेणारा माणूस कोण आहे ते पाहावं. प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्सची पदवी आणि भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी असलेला ऑर्थोटिस्ट वेगळा, यंत्र चालवणारा विक्रेता वेगळा.

काकांचं माप घेताना मी शेजारी बसलो होतो. ऑर्थोटिस्ट ताई तरुण होत्या. त्यांनी आधी मापाची पट्टी काढलीच नाही. "काका, बूट काढून त्या दारापर्यंत जाऊन या. माझ्याकडे बघू नका, नेहमीसारखं चाला." काका परेडसारखे ताठ चालले. ताईंनी पुन्हा चालवलं, तिसऱ्यांदा चालवलं, तेव्हा कुठे खरी चाल दिसली. मग पाय लटकता ठेवून, टाच सरळ रेषेत धरून ओल्या पीओपीच्या पट्ट्या गुंडाळल्या. हे धरणं महत्त्वाचं. पाऊल जसं कोलमडलं आहे तसंच माप घेतलं, तर सोलही कोलमडलेलाच बनतो. काही मिनिटांत पट्ट्या घट्ट झाल्या, त्यांचा पोकळ साचा निघाला. त्यात प्लास्टर ओतलं की पावलाची पांढरी प्रतिकृती मिळते. तिच्यावर कानशीने घासायचं, कुठे प्लास्टर चढवायचं. सोल तयार होतो तो या हातकामात. भट्टीत मऊ केलेला पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा प्रतिकृतीवर ओढून हवा खेचून घेतात, तो पावलाच्या आकाराला चिकटतो. थंड झाल्यावर कडा कापायच्या, टाचेला खोलगट वाटी ठेवायची, आतल्या बाजूला उतार द्यायचा, वर मऊ ईव्हीएचा थर चिकटवायचा. काही ठिकाणी पीओपीऐवजी फोमच्या खोक्यात पाऊल दाबून किंवा स्कॅनरने माप घेतात. तेही चालतं, हात जाणता असला तर.

काकूही सोबत होत्या. वीस वर्षांचा मधुमेह. ताईंनी सहज म्हणून १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा त्यांच्या अंगठ्याखाली टेकवला. "काकू, लागलं की सांगा." काकू डोळे मिटून वाट बघत बसल्या. धागा तीनदा टेकवून झाला होता. त्यांना कळलंच नव्हतं. अशा पावलाला कडक प्लास्टिक चालत नाही; जिथे घासेल तिथे जखम होईल आणि दुखणार नाही म्हणून ती वाढेल. त्याला मऊ, दाब पसरवणारा थर हवा. आपल्याकडे त्यासाठी एमसीआर नावाचं बारीक छिद्रांचं रबर वापरतात. वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांसाठी डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केलं, त्यातून अशा पादत्राणांची वाट पडली. काकूंचा रेफरल वेगळा झाला. सैनिकाची पत्नी म्हणून त्यांचं कार्ड होतंच, ते आजवर मोतीबिंदूखेरीज कशालाच वापरलं गेलं नव्हतं.

सोल मिळाल्यावर ते बुटात टाकून दिवसभर फिरायचं नाही. पहिल्या दिवशी एक तास, मग रोज थोडं थोडं वाढवत दोन-तीन आठवडे. बुटातला मूळचा सोल काढायचा, नाहीतर बूट घट्ट होतो. कुठे फोड आला, लाली उतरली नाही, तर सहन न करता परत जायचं, एखादी कड घासून देणं हे पाच मिनिटांचं काम आहे. मऊ थर वर्षभरात दबतो, प्लास्टिक काही वर्षं टिकतं. म्हणून पुढच्या खेपेसाठी सगळी फाइल जपायची.

महिनाभराने काका म्हणाले, चालताना बरं आहे, पण सकाळची कळ काही जात नाही. ताईंनी विचारलं, "काका, उठल्यावर पहिलं पाऊल कशावर पडतं?" शहाबादी फरशीवर, अनवाणी. बुटातला आधार बुटात, आणि बूट अंगणात. आपल्या घरांत हे असंच चालतं. पादत्राणं बाहेर, माणसं आत. ताईंनी तसाच आधार बसवलेल्या, मागे पट्टा असलेल्या सँडल सुचवल्या, फक्त घरात घालायच्या. काकूंनी देवघराच्या उंबऱ्याअलीकडे त्यांना परवानगी दिली. आता त्या काकांच्या खाटेखाली असतात. झोपण्याआधी ते वाकून त्या ठेवतात, किट तपासणीला ठेवायचे तशा, टाचा जुळवून, तोंड बाहेर.