इतिहासाच्या पुस्तकातील ‘आपण’

संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी मीही काही लिहावे, अशी चालकांनी सूचना केली, तेव्हा वर्गातील एक प्रसंग आठवला. इयत्ता सातवीचा तास होता व बहामनी राज्याचा धडा चालू होता. एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, इतिहासात ‘आपले लोक’ म्हणतात, ते कोणाचे? तुमचे की आमचे?” वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. माझ्या घरी दखनी बोलतात. मी मराठीत शिकलो आणि मराठीतच शिकवितो. प्रश्न निर्मळ मनाने विचारला होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलास द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय.

प्रांताचा इतिहास व संस्कृती सांगणारे ग्रंथ आज पुष्कळ मिळतात. ते हाती घेताना वाचकाने तीन गोष्टी विचाराव्यात. ग्रंथ कोणत्या भाषेतील कागदांवर उभा आहे? प्रांताच्या सीमा लेखकाने कोठे आखल्या आहेत? आणि त्याच्या ‘आपण’ ह्या शब्दात कोणाकोणास जागा आहे?

प्रथम कागदांचे पाहू. ग्रँट डफ ह्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या उणिवा १८६८ मध्ये निळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनी दाखविल्या. पुढे राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे गोळा केली व १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्याचे बावीस खंड काढले. परंतु मराठी कागद ही घराची एक भिंत झाली. दुसरी भिंत फार्सी कागदांची. ती मराठी वाचकासाठी उभी करण्याचे मोठे श्रेय सेतुमाधवराव पगडी ह्यांना आहे. निलंग्यास १९१० साली जन्मलेले व हैदराबाद राज्याच्या मुलकी नोकरीत राहिलेले हे गृहस्थ तेलुगू, कन्नड, उर्दू व फार्सी जाणत. भीमसेन सक्सेना व खाफीखान ह्यांचे वृत्तान्त त्यांनी मराठीत आणले. त्यामुळे मोगलांच्या छावणीतून मराठे कसे दिसत होते, हे आपणास घरबसल्या कळते. एकाच बाजूच्या साक्षीदारांवर न्यायाधीश निकाल देत नाही. वाचकानेही देऊ नये.

भाषेचा पुरावा तर रोज आपल्या तोंडी असतो. कागद, शाई, दौत, अर्ज, वकील, जमीन हे शब्द फार्सी-अरबीतून आले, हे माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्सी-मराठी कोश उघडला की ध्यानात येते. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजून पाहिले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका पत्रात शेकडा सुमारे ८६ शब्द फार्सी निघाले. १६७७ च्या पत्रात ते प्रमाण ३८ च्या आसपास आले. छत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, त्या काळाचा हा बदल आहे. मात्र येथे सावध राहावयास हवे. ही मोजणी थोड्याशा कागदांची, आणि तीही दरबारी कागदांची. कचेरीतील भाषा वेगळी व चुलीपाशी बोलली जाणारी वेगळी. आकडा खरा असला, तरी तो कशाचा आहे हे पाहिल्यावाचून त्यावर अनुमानाचा इमला चढवू नये.

आता सीमेची गोष्ट. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याचे भाषावार तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, बीदर-गुलबर्ग्याकडील कन्नड मुलूख म्हैसुरात व तेलंगण आंध्रात गेले. राज्यकारभारास ते सोयीचे झाले, पण इतिहासाची पुस्तकेही तीन कपाटांत गेली. बहामनी सुलतानांनी आजच्या राज्यांच्या सीमा पाहून कारभार केला नव्हता! म्हणून हारून खान शेरवानी ह्यांचा बहामनींवरील ग्रंथ (१९५३), किंवा त्यांनी पु. म. जोशी ह्यांच्यासह संपादिलेला मध्ययुगीन दख्खनचा दोन खंडांचा इतिहास (१९७३–७४) वाचताना सगळा दख्खन पुन्हा एक दिसतो. शं. बा. जोशी ह्यांनी मराठी-कन्नड संबंधांचा शोध घेतला, रा. चिं. ढेरे ह्यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये पंढरीच्या देवाचे दक्षिणेशी असलेले नाते उलगडले. ह्या ग्रंथांनी मराठीपण उणे होत नाही, त्याची मुळे किती दूरवर गेली आहेत ते कळते.

राहिला ‘आपण’. ढेरे ह्यांचेच ‘मुसलमान मराठी संतकवी’ (१९६७) हे पुस्तक त्या मुलाच्या हाती मी प्रथम देईन. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ मराठीत आहे. बीदरच्या राजघराण्याशी परंपरेने ज्यांचे नाते सांगितले जाते, त्या मृत्युंजय उर्फ मुंतोजींनी ‘सिद्धसंकेतप्रबंध’ मराठीतच रचला. बीदरजवळ अष्टूर येथे अहमदशहा वली बहामनीच्या कबरीवर भरणाऱ्या उरुसात लिंगायत जंगमास मान असतो. गुलाम याझदानी ह्यांनी बीदरवरील आपल्या १९४७ च्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. रिचर्ड ईटन ह्यांनी १९७८ मध्ये विजापूरच्या सूफींवर ग्रंथ लिहिला. जात्यावर म्हणावयाची दखनी ‘चक्कीनामे’ सूफींच्या उपदेशाने कशी भरली होती, हे त्यांनी दाखविले. आपल्या आयाबायांच्या ओव्या आठवा. भाषा दोन, उपदेश दोन, पण जाते एकच.

ह्याचा अर्थ सगळे गोडच होते, असा मुळीच नाही. लढाया झाल्या, देवळे पडली, गावे लुटली गेली. हे लपविणारे पुस्तक जितके निरुपयोगी, तितकेच केवळ हेच सांगणारे. खोटा गोडवा व खोटा कडवटपणा ही दोन्ही इतिहासाची पथ्ये नव्हेत.

तेव्हा बाळा, तुझे उत्तर असे. ‘आपण’ म्हणजे ह्या मातीत राबलेले, भांडलेले, नांदलेले व पुरले-जाळले गेलेले सारे. जो ग्रंथ त्यांतील कोणासही दाराबाहेर उभा ठेवतो, तो अपुरा समजावा आणि शेजारचा दुसरा ग्रंथ उघडावा.

शेवटी संस्थेच्या चालकांस एक विनंती. महोत्सवाच्या खर्चातून थोडी रक्कम वाचनालयासाठी राखावी व वर सांगितलेले ग्रंथ एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवावेत. घरोघरच्या पेट्यांत मोडी व फार्सी कागद वाळवीच्या तोंडी जात आहेत. ते जपून ठेवण्यास एक लोखंडी कपाट द्यावे. पन्नास वर्षांनी एखादे मूल पुन्हा तोच प्रश्न विचारील. त्या वेळी त्याच्या शिक्षकाने निरुत्तर होऊ नये, एवढीच इच्छा.