मनाली–लेह मार्ग : विरळ हवा आणि सोबत्याची दक्षता

सुमारे २,०५० मीटर उंचीवरील मनालीहून मोटारीने निघालेले जोडपे त्याच दिवशी ४,२०० मीटरांहून उंच असलेल्या सरचूला मुक्कामी पोहोचले, तर डोकेदुखी, मळमळ व थकवा ही तीव्र पर्वतीय आजाराची, म्हणजे शरीर विरळ हवेशी जुळवून घेण्यापूर्वी उद्भवणाऱ्या विकाराची, लक्षणे काही तासांतच दिसू शकतात. हा आजार बळावून मेंदूला सूज आल्यास रुग्णाला स्वतःचा संभ्रम उमगत नाही, म्हणून त्याचा तोल जाणे किंवा फुप्फुसांत पाणी साचल्याने विश्रांतीतही धाप लागणे सोबत्यानेच ओळखावे लागते. सरचूहून दोन्ही दिशांना उंच खिंडी ओलांडाव्या लागत असल्याने खाली उतरणेही सोपे नसते. त्यामुळे पहिला मुक्काम वाटेतील कमी उंचीवरच्या केलाँग किंवा जिस्पा येथेच करावा आणि लक्षणे असताना अधिक उंचीवर मुक्कामाला जाऊ नये.