खडकाळ वाटेवर उभे राहावे की बसावे?

डकार रॅलीची दृश्ये पाहताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. दगडगोटे, वाळूच्या टेकड्या पार करणारे मोटरसायकलस्वार बराच वेळ सीटवर बसलेलेच नसतात. २०१५ मध्ये ही रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष असोत किंवा २०२४ मध्ये ‘रॅली २’ गटात पहिला आलेला हरिथ नोआ, खडबडीत भागात सगळे उभेच. पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर गाड्या घेऊन जाणारी आपल्याकडची तरुण मंडळीही त्यांचे अनुकरण करतात. पण कारण न समजता नुसते उभे राहिल्याने पाठ वाचत नाही.

आपण बसलेले असताना चाकाला बसलेला धक्का सीटमधून थेट माकडहाडाला आणि तिथून कमरेच्या मणक्यांना पोहोचतो. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देते. खराब वाटेवरची बरीचशी कंपने नेमकी याच टापूत येतात. मणक्यांमधल्या चकत्या वारंवार दाबल्या जातात आणि कंबर धरते.

उभे राहिल्यावर वजन फूटरेस्टवर येते. घोटा, गुडघा आणि खुबा हे तीन सांधे किंचित वाकलेले असतील, तर मांड्या व पोटऱ्यांचे स्नायू धक्का वाटेतच जिरवतात. मोटोक्रॉसच्या गाडीच्या शॉकअॅब्सॉर्बरला सुमारे ३०० मिलिमीटर खाली-वर होण्याची मुभा असते. पाय त्यात आणखी भर घालतात. मात्र गुडघे ताठ ठेवले, तर हा फायदा बराचसा जातो.

उभे राहिल्याने गुरुत्वमध्य खाली येतो, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. शरीर वर गेल्याने तो वरच जातो. खरा फायदा वेगळा आहे. गाडी खाली डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलली, तरी स्वाराचे धड तिच्याबरोबर फेकले जात नाही. चढावर छाती पुढे आणि उतारावर कंबर मागे नेता येते. शिवाय नजर उंचावते आणि पुढचा खड्डा आधी दिसतो.

मग बसायचे कधी? अरुंद, पकड असलेल्या वळणावर. तिथे टाकीजवळ सरकून बसावे, आतला पाय पुढे सोडावा आणि बाहेरच्या फूटरेस्टवर भार द्यावा. सपाट पट्ट्यातही बसून घ्यावे. सतत उभे राहिल्याने मांड्या थकतात. मग स्वार नकळत हॅण्डलला लटकतो, बाहू दगडासारखे घट्ट होतात, बोटे बधिर होतात आणि ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. अपघाताचा धोका इथे असतो.

पवित्रा बरोबर आहे का, हे घरीच तपासता येते. गाडी मजबूत स्टँडवर लावा, दोघांनी ती धरावी. टाकी गुडघ्यांनी पकडून उभे राहा आणि क्षणभर हात सोडा. तोल पुढे गेला, तर वजन पायांवर नाही, हातांवर आहे. त्यावर उपाय म्हणजे अर्ध्या बैठका आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखे बसण्याचा व्यायाम.

रोजच्या गाडीवरून ऑफिसला जाणाऱ्यांसाठीही यात एक धडा आहे. फूटरेस्ट पुढे आणि हॅण्डल खाली असल्याने त्या गाडीवर पूर्ण उभे राहणे धोक्याचे. पण स्पीडब्रेकर दिसताच आधी वेग कमी करून सीटवरून बोटभर उठले, तरी कमरेचा धक्का बराच हलका होतो. कमरेतून पायात कळ जात असेल किंवा मुंग्या येत असतील, तर मात्र गाडी घरी ठेवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.